लिथॉप्स ठाणे-नवी मुंबईत कसं जगवता?

गारगोट्यांत ठेवलं तर सापडणार नाही असं हे दोन-तीन सेंटीमीटरचं झाड दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या भागातलं. आपल्याकडे ते बहुतेकदा पाण्याने मरतं. किमान एक पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांनी माती, पाणी, उजेड नेमका लिहा. 'किती गोड' छापाचे प्रतिसाद नकोत.

घोडबंदर रोड, पूर्वेची खिडकी
आधी माती. नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुळांवरून पूर्ण काढा. ५ भाग सिंडर किंवा प्युमिस (दोन्ही सच्छिद्र, हलके खडे, ३ ते ५ मिमी), ३ भाग धुतलेली जाड रेती, १ भाग पर्लाइट (पांढरे, हलके दाणे), १ भाग चाळलेलं गांडूळखत. क्रश सँड घेतली तर भुकटी चाळून टाका, नाहीतर ती तळाशी बसून भोकं बुजवते. कुंडी १० ते १२ सेमी खोल हवी. मूळ सरळ खाली जातं. शोभेच्या उथळ बशा विसरा. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही.

नेरूळ
तारखा लावून पाणी देऊ नका, पानं बघा. वर्षाला पानांची एकच नवी जोडी, जुन्या फटीतून, जुनीला काटकोनात येते आणि जुनीतलंच पाणी शोषून वाढते. तेव्हा पाणी दिलंत तर जुनी जोडी सुकतच नाही, नवी अडकून बसते. जुनी पानं कागदासारखी होईपर्यंत थांबा. ओढून काढायची तर अजिबात नाहीत. त्यानंतर पाणी द्यायचं ते सकाळी कडेला सुरकुत्या दिसल्या तरच. दुपारच्या सुरकुत्या धरू नका, त्या उन्हाच्याही असतात. द्याल तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्या. पान कुशीला फाटलं तर पाणी जास्त झालं. जखम आपोआप सुकते. पान मऊ आणि पाणचट झालं तर मात्र कूज, ते झाड लगेच बाजूला काढा.

खारघर
ग्रिलवर पत्रा असला तरी आमच्याकडे पाऊस आडवा येतो. पहिल्या सरीआधी कुंड्या घरात. पाणी बंद, टेबल फॅन मंद, पांढरा एलईडी १५ ते २० सेमीवर, रोज १० ते १२ तास. उजेड कमी पडला की झाड उंच होतं आणि वरची नक्षी फिकटते. ती उंची नंतर कमी होत नाही, पुढच्या जोडीची वाट बघायची.

ऐरोली
खारघरकर, 'पाणी बंद' मोठ्या झाडांपुरतं. वर्षाच्या आतल्या रोपांत पाण्याचा साठाच नसतो, पूर्ण कोरडी ठेवली तर ती जातात. त्यांना पावसाळ्यातही थोडा ओलावा हवा, पण फॅनसमोर.

वाशी, पश्चिमेची गॅलरी
मार्च ते मे दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट. लोखंडी ग्रिलला कुंडी टेकवू नका, तापलेलं लोखंड कुंडीसकट मुळं तापवतं. उन्हाने भाजलेला पांढुरका डाग ती जोडी जाईपर्यंत राहतो.

वर्तकनगर
पाणी देऊनही सुरकुत्या जात नसतील तर झाड उपटून बघा. मुळांवर कापसासारखं पांढरं म्हणजे मिलीबग, रस शोषणारी कीड. मुळं धुवा, सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवा, तीन-चार दिवस सावलीत सुकवा, नव्या मिश्रणात लावा. जुनं मिश्रण फेका, दुसऱ्या कुंडीत घालू नका.

ऐरोली, पुन्हा
बियांबद्दल राहिलं. एकाच झाडाचा पराग त्यालाच चालत नाही. एकाच वेळी फुललेली दोन वेगळी रोपं हवीत. बी धुळीइतकं बारीक आणि तपकिरी असतं. ऑनलाइन निळं-गुलाबी बी विकतात ते लिथॉप्सचं नव्हेच.