ऊसतोड बायकांचे सर्वे आता पुरे, असं नाही का वाटत?

माळरान: दिवाळीआधी बीडच्या धारूर तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या एका वस्तीवर सर्वेला गेले होते, टॅबवर प्रश्नांची ही लांबलचक यादी, लग्न कितव्या वर्षी, अंगावरून पांढरं जातं का, गर्भाशयाची पिशवी काढली का, कुठं काढली. पस्तिशीची एक बाई कोयत्याला धार लावत लावत उत्तरं देत होती, दोन दिवसांनी ऊस तोडायला टोळी निघणार होती. पिशवी पंचविशीतच काढलेली. शेवटी म्हणाली, "ताई, तुमच्या आधी बी दोघी येऊन गेल्या, हे सगळं लिहून नेल्यावर माझी कंबर थांबल का दुखायची?" माझ्याकडं साधी कॅल्शियमची गोळीसुद्धा नव्हती. सोबत डॉक्टर आणि औषध नसेल तर असा सर्वे करूच नये, हे माझं स्पष्ट मत.

आकडेमोड: ताई, कळकळ समजते पण पटत नाही. बायका किती वर्षं सांगत होत्या, कोण ऐकत होतं? 2019 ला सरकारनं याच प्रश्नावर नेमलेल्या आमदार नीलम गोऱ्हेंच्या समितीपुढं आकडा आला, बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली, म्हणजे शंभरात जवळपास 17, देशात तेव्हा हे प्रमाण 3 च्या आसपास होतं. मग कुठं खाजगी दवाखान्यांना ऑपरेशनआधी सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली. आकडा नसता तर "त्यांनाच काढून टाकायची असते" म्हणून विषय मिटवला असता.

केजकर: "त्यांनाच काढायची असते" हे वाचून राहवलं नाही. माझी आई 15 वर्षं कोयत्याला गेलीय. नवरा बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, पाळीत एक दिवस बसली की खाडा, टोळी नेणारा मुकादम पैसे कापणार. फडात पाणी नाही, राहायच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, संडास नाही, कापड धुवून वाळत घालायला आडोसा नाही, त्यात डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल. मग काढते बाई पिशवी, उसने पैसे घेऊन, आणि ते फेडायला परत उचल! सगळे सर्वे बाईचं पोट तपासतात, मुकादमाची वही कोण तपासतंय?

आकडेमोड: दादा, हे शंभर टक्के मान्य, पण ती वही तपासणं म्हणजे पण संशोधनच ना? गडचिरोलीत डॉक्टर राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, 1989 साली ते छापून आलं तेव्हा कुठं जगाला कळलं की खेड्यातली बाई म्हणजे नुसतं बाळंतपण नाही.

माळरान: अहो पण बंग नवरा-बायको तिथंच राहिले, दवाखाना चालवला, माझं भांडण तेवढ्याचसाठी आहे. आमची टीम टॅब जमा करून पुण्याला परत आली. गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या घरी येतात, तेव्हा मी त्या वस्तीवर जाणारच आहे, तुमच्या ओळखीत कुणी बाईडॉक्टर दोन दिवस येणारी असेल तर मेसेज करा. केजकर, तुमच्या आईला विचाराल का, सोबत येतील का? माझ्यापेक्षा त्यांच्यापुढं बायका जास्त बोलतील.