०.६८७५ इंच म्हणजे किती सूत?

रंधा_करवत:
मंडळी हसू नका, पण एका गणितावर अडलोय. घरात वॉर्डरोबचं काम चालू आहे, ड्रॉइंग पुतण्याने कॉम्प्युटरवर काढून दिलंय आणि त्यात सगळी मापं पॉइंटमध्ये. शटर १७.६८७५, वरची पट्टी २.३७५ आणि कॉलमशेजारच्या फिलरची (गॅप झाकणारी पट्टी) रुंदी ०.८३. आमचे मिस्त्री सुतात बोलतात, म्हणाले साहेब हे पॉइंटबिइंट काय ते मला अपूर्णांकात सांगा. शाळेत केलेलं सगळं पार धुऊन निघालंय. २.३७५ जमलं, ३७५/१००० ला भागत भागत ३/८ आलं, म्हणजे दोन इंच तीन सूत. बाकीची दोन अडलीत, ०.८३ तर ८३/१०० च्या पुढे हलतच नाही. पुतण्या ट्रेकला गेलाय, फोन लागत नाही.

खडू_डस्टर:
पद्धत बरोबरच आहे तुमची. पॉइंटनंतर जितके अंक तितकी शून्यं एकावर देऊन तो छेद, मग अंश-छेद दोघांना ज्याने भाग जाईल त्याने भागत राहायचं. ६८७५/१०००० ला ५ ने जातो: १३७५/२०००, मग २७५/४००, ५५/८०, ११/१६. ११ आणि १६ मध्ये १ सोडून सामाईक काही नाही, थांबा. चारदा भागायचा कंटाळा असेल तर मसावि काढा, पोरं त्यासाठी अवयव पाडत बसतात पण गरज नाही, १०००० ला ६८७५ ने भागलं बाकी ३१२५, ६८७५ ला ३१२५ ने भागलं बाकी ६२५, आणि ६२५ ने ३१२५ ला पूर्ण भाग जातो म्हणजे मसावि ६२५. एकाच फटक्यात ११/१६.
८३ मूळ संख्या आहे आणि १०० ला तिने भाग जात नाही, त्यामुळे ८३/१०० हेच अतिसंक्षिप्त रूप.

पाऊणकी:
सर ते ठीक आहे पण मिस्त्रीला ११/१६ सांगून तो परत तुमच्याच तोंडाकडे बघणार. इंचाचे आठ सूत, सरळ ८ ने गुणा की, ०.६८७५ × ८ = ५.५, साडेपाच सूत. संपला विषय. आमच्या आजोबांना पावकी-निमकी पाठ, १९५७ ला नवे पैसे आले तरी साडेसदतीस पैसे म्हटलं की ते "सहा आणे" म्हणूनच ऐकायचे. तेही ३/८ च झालं ना.

टेप_हरवली:
एवढी उठाठेव कशाला, मिलिमीटरमध्ये घ्या.

पाऊणकी:
मिस्त्री बदलून देताय का मग?

खडू_डस्टर:
मला ते ०.८३ खटकतंय. आठ किंवा सोळाने भागलेलं काहीही दशांशात संपतंच, कारण छेदात नुसते २ असतात. छेदात ३ आला की शेपूट संपत नाही. हे बहुतेक ०.८३३३… असणार आणि दोन अंकांवर तोडलंय. आवर्ती असेल तर १०० पट केल्यावर ८३.३३३…, १० पट केल्यावर ८.३३३…, वजा केलं की शेपूट गेलं आणि उरलं ९० पट बरोबर ७५. म्हणजे ७५/९०, ५/६. आता इंचाचे सहा भाग करतं कोण? पण ५/६ फूट म्हणजे सरळ १० इंच होतात. त्या आकड्याच्या डोक्यावर एक टिकली आहे का दोन, जरा बघा बरं, एक म्हणजे फूट, दोन म्हणजे इंच.

रंधा_करवत:
अहो सर एकच आहे!! बाकी सगळीकडे दोन. आत्ता टेप घेऊन गॅप मोजला, वीतभराहून जास्तच आहे, बरोबर १० इंच. आणि मी सकाळी मिस्त्रींना "पाऊण इंचाच्या वर थोडं" असं सांगून मोकळा झालो होतो, ते म्हणाले एवढ्याला पट्टी कशाला, पुट्टी भरून टाकू. त्यांनाही तो गॅप दिसत होता की, बोलले नाहीत! साडेपाच सूत म्हटल्यावर मात्र कानावरची पेन्सिल काढून लगेच खूण केली.