मदत हवी आहे: स्थिर दिसणाऱ्या उतारावरची माती सरकते कशी?

कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंत टिकतो, पुढे ढासळतो. पण डोंगरउतारावरची माती याहून बऱ्याच कमी कोनातही वर्षाला काही मिलिमीटर सरकते. पुस्तकं कारण देतात: गोठण-वितळण, मुळं, बिळं करणारे प्राणी. पटतं.

मात्र २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धक्काही न लागलेल्या ढिगात लेसरने कणांची सूक्ष्म हालचाल टिपली! उष्णता दिली की ती टिकून राहते, हलके ठोके दिले की मंदावते. हे मला फार विलक्षण वाटतं.

मग उताराला 'यील्ड स्ट्रेस' (ज्या ताणाखाली पदार्थ हलत नाही आणि ज्यापुढे वाहू लागतो) नावाची ठाम मर्यादा धरायची तरी का? काचेसारख्या, म्हणजे घन दिसणाऱ्या पण आतून अव्यवस्थित रचनेच्या पदार्थांचं गणित इथे लागू होतं का? सॉफ्ट मॅटरवाल्यांनी (वाळू, जेल, फेस अशा सहज आकार बदलणाऱ्या पदार्थांचे अभ्यासक) कृपया सविस्तर समजावा, समीकरणं चालतील.