मदत हवी आहे: कर्नलमध्ये स्वतःचा सिस्टीम कॉल टाकला तरी एरर ३८ च येतोय

मिरकरवाडा_पोर:
मंडळी अर्जंट आहे, सोमवारी गाईडना दाखवायचंय. लिनक्स कर्नलमध्ये (ओएसचा गाभा) स्वतःचा सिसकॉल (सिस्टीम कॉल, प्रोग्रामने कर्नलकडून काम करून घ्यायचा नंबरवाला मार्ग) टाकलाय, नंबरांच्या टेबलात म्हणजे सिसकॉल_६४.टीबीएल मध्ये खाली ५४८ ची ओळ लिहिली, सिसकॉल्स.एच मध्ये प्रोटोटाईप दिला, फंक्शन लिहिलं, मेकफाईलमध्ये जोडलं, कंपाईल कुठे न अडकता झालं, बूट पण नव्या कर्नलनेच होतंय आणि तरी प्रोग्राममधून कॉल केला की ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’, म्हणजे एरर ३८. टेबलात आहे मग नाही कसं म्हणतंय??

खाडीपलीकडे:
कर्नल व्हर्जन? मशीन? ओळ जशीच्या तशी टाक. नंबर, एबीआय (कॉल कुठल्या प्रकारच्या प्रोग्रामसाठी), नाव, एंट्री पॉइंट (कर्नलमधलं फंक्शन) असे रकाने लागतात. एबीआय एक्स३२ लिहिला असशील तर साध्या ६४ बिट प्रोग्रामला तो कॉल मिळणार नाही.

देवगड_हापूस:
एवढा कुटाणा कशाला, मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा तुकडा) लिही आणि चालू कर्नलच्या सिस_कॉल_टेबलमध्ये आपला पॉइंटर (फंक्शनचा पत्ता) घुसव. आम्ही कॉलेजात असंच केलेलं, रीबूट पण लागत नाही.

खाडीपलीकडे:
@देवगड ते दिवस गेले. ५.७ पासून (२०२०) मॉड्यूलला कॅलसिम्स_लुकअप_नेम (नावावरून कर्नलमधला पत्ता शोधणारं फंक्शन) मिळत नाही, आणि ६.९ पासून (२०२४) एक्स८६ (इंटेल/एएमडी) वर कॉल त्या टेबलातून जातच नाही, स्विच स्टेटमेंट आहे. पॉइंटर बदललास तरी तिकडे कोणी बघत नाही. पोराला भलत्या वाटेला लावू नको.

देवगड_हापूस:
जुन्या कर्नलवर आजही चालतं, मी केलंय.

तारकर्ली_वारा:
मुळात सिसकॉल हवाच कशाला? कॅरॅक्टर डिव्हाईस (फाईलसारखं उघडता येणारं डिव्हाईस) कर, आयऑक्टल (त्याला हुकूम द्यायचा तयार कॉल) दे. शेवटच्या नंबरला चिकटून आपला नंबर टाकला की पुढच्या व्हर्जनला तोच नंबर मूळ कर्नलमध्ये दुसऱ्या कुणाला जातो आणि मर्ज करताना आपण निस्तरत बसतो. तुझा ५४८ निदान लांब तरी आहे.

मिरकरवाडा_पोर:
सिसकॉलच हवा, विषयच तो दिलाय. ओळ अशी: ५४८ कॉमन बोट_लॉग सिस_बोट_लॉग. कर्नल ६.६, लॅपटॉपवर क्रॉस कंपाईल (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाईल). मशीन रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर), बोटीवर जीपीएस लॉगर म्हणून बसवायचाय.

मालवणी_बाणो:
रे झिला, ह्या आधी सांगूक व्हया होता! ता टेबल इंटेलचा, तुझो पाय एआरएमचो, प्रोसेसरची जातच येगळी.

गुहागर_सडा:
बोटीवर बोर्ड उघडा ठेवू नका हां, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात. बंद डबा घ्या आणि वायर खालून आत घ्या.

खाडीपलीकडे:
बाणो बरोबर आहे. ६.६ मध्ये एआरएम६४ चे नंबर एएसएम-जेनेरिकच्या युनिएसटीडी.एच मधून येतात (६.११ पासून स्क्रिप्ट्समधली सिसकॉल.टीबीएल). तिथे ५४८ लिही आणि खालचा एनआर_सिसकॉल्स (नंबरांची मर्यादा) ५४९ कर, हे बरेच जण विसरतात. नंबर त्या मर्यादेबाहेर गेला की टेबल न बघताच ३८ परत येतो. मधल्या रिकाम्या जागांची काळजी नको, त्या आपोआप ‘नाही’ म्हणणाऱ्या फंक्शनने भरतात.

मिरकरवाडा_पोर:
केलं सगळं. परत ३८!! युनेम (सिस्टीमची माहिती देणारी कमांड) एआर्च६४ च (६४ बिट एआरएम) दाखवतंय.

खाडीपलीकडे:
युनेम फक्त कर्नलचं सांगतं. गेटकॉन्फ लाँग_बिट (प्रोग्राम किती बिटचे ते सांगणारी कमांड) काय देतं?

मिरकरवाडा_पोर:
३२

खाडीपलीकडे:
मग ओएस ३२ बिट आहे, कर्नल तेवढा ६४. ३२ बिट प्रोग्रामचे कॉल वेगळ्या कॉम्पॅट टेबलात जातात, ते युनिएसटीडी३२.एच मध्ये. आत्ता त्याला हात लावू नको. कर्नलसाठी वापरतोस त्याच क्रॉस कंपायलरने टेस्ट प्रोग्राम स्टॅटिक (सगळ्या लायब्ररी आतच घेऊन) बांध आणि पायवर कॉपी करून चालव.

मिरकरवाडा_पोर:
० आला!! डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) बोट_लॉगची ओळ पण दिसतेय. गुहागरवाले, डबा कुठला घेऊ?