विषय: फ्रांकफुर्टला गाडी बदलायची आहे, एकटीनेच

कणकवलीहून

मंडळींना नमस्कार.

भाचीने मला तुमच्या मंडळाच्या ईमेल यादीवर घातलंय, म्हणून थेट लिहिते. मे अखेरीस मुंबईहून फ्रांकफुर्टला उतरेन आणि पुढे रेल्वेने ग्योटिंगेनला, भाचीकडे. ती म्हणते, "मावशी, मी घ्यायला येते." मी म्हटलं, काही नको. तिचं काम सोडून तिने चार तास गाडीत का घालवायचे? गणपतीच्या गर्दीत कणकवली-मुंबई एकटीने केलेली बाई आहे मी.

पण मग तिने फ्रांकफुर्टच्या मुख्य स्टेशनचा व्हिडिओ पाठवला आणि जरा धास्तावले. वर चोवीस फलाट, जमिनीखाली आणखी. जर्मन येत नाही, इंग्रजीत भागतं. गुडघे कुरकुरतात. एक मोठी बॅग, एक पिशवी, आणि जमलं तर हापूसची छोटी पेटी. तिकीट अजून काढलेलं नाही. कुणी नीट सांगेल का?

उत्तर: हर्णैहून

ताई, नमस्कार. मी मंडळाचा जुना सभासद, आता हर्णैला घरी असतो. फ्रांकफुर्टच्या त्या स्टेशनवरून नोकरीसाठी रोजची ये-जा होती.

व्हिडिओ विसरा. स्टेशन 1888 सालचं, रोज चार-पाच लाख माणसं तिथून जातात, सगळं खरं. पण ते सीएसएमटीसारखं आहे, रूळ तिथे संपतात. सगळे फलाट एकाच आडव्या दालनात उघडतात. 6 वरून 19 वर जायचं तर पूल नाही, जिना नाही, सरळ चालत जा. गुडघ्यांना दादरपेक्षा कितीतरी बरं.

विमानतळावरून एस 8 किंवा एस 9 लोकल घ्या. दहा-पंधरा मिनिटांत जमिनीखालच्या 101 ते 104 पैकी एका फलाटावर उतराल. तिथून लिफ्टने वर. लिफ्टला रांग असली तर असू दे, मोठी बॅग घेऊन सरकत्या जिन्यावर चढू नका. "मी उचलतो" म्हणत पुढे येणाऱ्याला हसून नाही म्हणा. भले लोकही असतात, पण गर्दीत खिसेकापूही असतात. स्टेशनबाहेरची वस्ती काही फार चांगली नाही, वेळ उरला तरी आतच बसा.

वर आल्यावर बोर्डावर ग्योटिंगेन शोधत बसू नका. ते मधलं स्टेशन, ठळक अक्षरांत हांबुर्ग किंवा बर्लिन दिसेल. गाडीचा नंबर आणि वेळ जुळवा, मग फलाट बघा. पांढऱ्या पट्टीत काही सरकत असेल तर तेही वाचा. उशीर किंवा फलाटबदल तिथेच कळतो. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही समजूत इथेच ठेवून जा. 2024 साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून!

आता डब्याचं. कणकवलीला दोन मिनिटांच्या थांब्यात डबा कुठे येणार ते आधी विचारून उभं राहायची सवय तुम्हाला आहेच, तीच उपयोगी पडेल. फलाटावर वरून ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि तुमचा डबा कुठल्या अक्षराखाली येईल ते बोर्डावर दिसतं. गाडी जवळजवळ 400 मीटर लांब असू शकते. कधी त्या दोन गाड्या जोडलेल्या असतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. आयत्या वेळी "डब्यांचा क्रम उलटा" अशी घोषणा झाली की सगळा फलाट एकदम इकडून तिकडे पळायला लागतो. तुम्ही पळू नका. जोडगाडी असेल तर आपला अर्धा भाग तेवढा बघा, जवळच्या दाराने चढा आणि आतून चालत जा.

फलाटावर शिरायला गेट नाही, तिकीट गाडीत तपासतात. लोकलमध्येही विनातिकीट सापडलात तर 60 युरो. म्हणून विमानतळापासून ग्योटिंगेनपर्यंत एकच तिकीट काढा.

उतरताना: कासेल-विल्हेल्म्सह्योहे गेलं की वीसेक मिनिटांत ग्योटिंगेन. कासेल सुटलं की बॅग काढून दाराकडे सरका.

उत्तर: ग्योटिंगेनजवळून

मावशी, काकांनी स्टेशन छान सांगितलं, पण मुख्य घोळ तिकिटाचा असतो. स्वस्तातलं श्पारप्राइस तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया गेलं, रेल्वे त्याची जबाबदारी घेत नाही. (रेल्वेचाच घोळ असेल आणि पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर दुसरी गाडी घेता येते.) विमानातून उतरून पुढे जायचं असेल तर पैसे जास्त गेले तरी फ्लेक्सप्राइसच घ्या. त्या दिवशीची त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. सीटचं आरक्षण वेगळं आणि ऐच्छिक.

काकांशी एका बाबतीत पटत नाही. स्टेशनवर मदत सरसकट नाकारू नका. बानहोफ्समिशन म्हणून संस्था आहे, 1894 पासून हेच काम करते. निळं जॅकेट घातलेले लोक असतात, गाडी बदलायला मदत करतात, पैसे घेत नाहीत. फ्रांकफुर्टलाही आहे. आधी कळवून ठेवलं तर उत्तम.

विमानतळावर दोन रेल्वे स्टेशनं आहेत. लोकलचं टर्मिनल 1 च्या खाली, लांब पल्ल्याचं पलीकडे. पाटी वाचूनच वळा.

आणि हापूस विसरा. रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजा आंबा युरोपात नेता येत नाही. नारळ चालतो. खव्याचं, दुधाचं काही नको, पेढेसुद्धा नाही.

उत्तर: कणकवलीहून

दोघांचेही आभार. फ्लेक्स तिकीट भाचीने काल काढलं, खिडकीची सीटही घेतली. त्या निळ्या जॅकेटवाल्यांना आजच मेल करते. काका, लिफ्ट नेमकी फलाटाच्या कुठल्या टोकाला, ते तेवढं कळवा. मुलगा नकाशा दाखवतोय, पण त्याला स्वतःलाच कळत नाहीये.

पेढे कळलं. आंबापोळी चालेल का? कुणी अलीकडे नेली असेल तर सांगा, बांधून ठेवते.