मँटिसला नाकतोडा म्हणावं का?

शब्दवेडी : भाषांतरात एका जागी मँटिस नावाचा किडा आलाय. संपादकांनी 'नाकतोडा' केलंय. मला ते खटकतंय, पण 'प्रार्थनाकीटक' फार पुस्तकी वाटतो. काय करू?

किडेवाला : नाकतोडा नकोच. पाय बघा ना! नाकतोड्याचे मागचे पाय दणकट, उडीसाठी. मँटिसची सगळी ताकद पुढच्या दोन पायांत. मांडीवर आणि नडगीवर काटे असतात. भक्ष्य टप्प्यात आलं की अडकित्ता मिटावा तसा पाय मिटतो. सेकंदाच्या दहाव्या भागातच खेळ खलास. नाकतोडा पाला खातो, हा जिवंत किडे. त्यात नाकतोडेही आले. नात्यानं तर हा झुरळाला जवळचा.

जुनीपोथी : संपादकांना फार बोलू नका. १७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनिअसनं त्याला ग्रिलस प्रजातीत नाकतोड्यांच्याच पंगतीला बसवलं होतं. आणि 'मँटिस' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ द्रष्टा, भविष्य सांगणारा. त्यात प्रार्थना नाहीच. ती जोडलेल्या पायांवरून नंतर चिकटली.

शब्दवेडी : अरे वा! पण पुढे वाक्य आहे, 'त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.' किडा असं करतो?

किडेवाला : हा करतो. त्रिकोणी डोकं, बारीक मान, खांद्यावरून मागे बघतो. एकदा खिडकीच्या जाळीवर एक बसला होता. मी डावीकडे सरकलो तर डोळ्यातला काळा ठिपका डावीकडे, उजवीकडे सरकलो तर उजवीकडे. पण ती बाहुली नव्हे बरं का. संयुक्त डोळ्याचा, म्हणजे अनेक बारीक डोळ्यांच्या जुडग्याचा, जो भाग नेमका आपल्या दिशेला असतो तो काळा दिसतो, एवढंच. मधूनच तो वाऱ्यानं हलणाऱ्या पानासारखा झुलायचा, वारा नसतानाही.

चहाबाज : आणि मादी नराला खाते ते?

किडेवाला : दर वेळी नाही हो. मादी भुकेली असली की धोका जास्त.

जुनीपोथी : 'प्रार्थना' खटकत असेल तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, बकध्यान. हात जोडलेले, नजर भक्ष्यावर.

शब्दवेडी : 'पानाआड तो बकध्यान लावून बसला होता.' झकास! नाव मात्र पहिल्यांदा प्रार्थनाकीटक, पुढे मँटिस ठेवते. आता संपादक विचारणार, बगळा कुठून आला?