आर-स्क्वेअर ०.९९९, तरी खालच्या स्टँडर्डचं उत्तर चुकतंय

पिपेट_१०: एचपीएलसी-यूव्हीवर (द्रावणातले घटक वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारं यंत्र) १ ते ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असा कॅलिब्रेशन कर्व्ह (संहती विरुद्ध पीक एरियाची रेषा) आहे. सात स्टँडर्ड (माहीत संहतीची द्रावणं), आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते त्याचा आकडा) ०.९९९ च्या वर. पण पीक एरिया समीकरणात टाकून उलटं गणित केलं, की १ चं स्टँडर्ड १.८ येतं. १०० पासून पुढे सगळं १ टक्क्याच्या आत. रेषा शून्यातून नेऊ का?

बेसलाइन: नको, त्याने चूक फक्त झाकली जाते. आधी ब्लँक (पदार्थ न घातलेलं द्रावण) इंजेक्ट करून त्याच रिटेन्शन टाइमला (पदार्थ बाहेर पडायच्या वेळेला) पीक येतो का ते बघा. ब्लँक स्वच्छ असेल तर दोष रेषा बसवण्याच्या पद्धतीत आहे. साधी लीस्ट स्क्वेअर्स पद्धत सगळ्या बिंदूंची विखुरण सारखी धरते. प्रत्यक्षात ५०० जवळची विखुरण १ जवळच्यापेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे रेषा वरच्या बिंदूंच्याच कलाने जाते. इंटरसेप्ट (रेषेची शून्य संहतीची किंमत) ०.८ मायक्रोग्रॅमइतका घसरला, तर ५०० ला ०.१६ टक्के फरक पडतो आणि १ ला ८० टक्के. आर-स्क्वेअरला हे दिसतच नाही.

अवशेष: उपाय म्हणजे वेटेड रिग्रेशन, म्हणजे कमी विखुरणीच्या बिंदूंना जास्त वजन (वेट) देऊन रेषा बसवणं. प्रत्येक पातळीची तीन स्वतंत्र द्रावणं करा. एकाच व्हायलची तीन इंजेक्शनं चालणार नाहीत, त्यातून फक्त इंजेक्टरची विखुरण कळते. सगळीकडे आरएसडी (सरासरीच्या टक्क्यांतली विखुरण) साधारण सारखा आला तर वेट १/संहती². व्हेरिअन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) संहतीच्या प्रमाणात वाढत असेल तर १/संहती. मग टक्क्यांतल्या रेसिड्युअलचा (बिंदू आणि रेषा यांतल्या फरकाचा) आलेख काढा. बिंदू शून्याच्या वर-खाली कसेही पसरलेले हवेत. कमान दिसली तर बहुधा डिटेक्टर वरच्या टोकाला सॅच्युरेट होतोय. तिथे वेट उपयोगाचं नाही, रेंजच कमी करा.

एलओडीचं (ओळखता येणाऱ्या किमान संहतीचं) ३.३σ/स्लोप काढताना σ (स्टँडर्ड डेव्हिएशन) खालच्या संहतींवरूनच घ्या. पूर्ण रेंजचा घेतलात तर एलओडी विनाकारण फुगतो.

पिपेट_१०: एका पातळीची रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती मोजलं गेलं) ९८.१, ९८.३, १०२.१ टक्के आली. तिसरी वगळू का?

बेसलाइन: डिक्सन क्यू (परका आकडा तपासायची चाचणी) लावा, शेजारच्या आकड्यापासूनचं अंतर भागिले पूर्ण पसारा: ३.८ भागिले ४.० म्हणजे ०.९५. तीन निरीक्षणांसाठी ९५ टक्के विश्वासपातळीला मर्यादा ०.९७०. वगळता येत नाही. तीन आकड्यांत दोन जवळ आले की तिसरा नेहमीच परका वाटतो. डायल्यूशन किंवा इंटिग्रेशनची नोंदलेली चूक सापडली तरच काढा, नाहीतर आणखी तीन द्रावणं करून सहाही आकडे द्या.